मोजपट्टी कोणाची?

मित्रमैत्रिणींनो, आणि विशेषतः एफ.ई.ला नव्याने आलेल्या सगळ्यांनो,

हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी होस्टेलमध्ये नवी बॅच येते. वय सतरा-अठरा. बारावी आणि सीईटीच्या दोन वर्षांत कोणी आरशात धड बघितलेलं नसतं, कारण वेळच नसतो. इथे आल्यावर मात्र एकदम सगळंच दिसायला लागतं. आपली उंची, आपलं वजन, आपला रंग, कोण जिमला जातं, कोणाचं कोणाशी जमलंय, कोणाच्या फोटोला किती लाईक्स पडले. आणि पहिलं सेमिस्टर संपता संपता बऱ्याच जणांचं गणित एकाच उत्तरावर येऊन अडकतं : "माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मी सध्या टी.ई.ला आहे आणि लेडीज होस्टेलमधलं हे माझं तिसरं वर्ष. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझी मराठी जरा मिक्स आहे. संपादकांनी सांभाळून घेतलंय, तुम्हीही घ्या. पण हा विषय मला मुद्दाम मराठीतच लिहायचा होता. शाळेत बायोलॉजीच्या पुस्तकातला नेमका तो धडा आला की टीचर म्हणायच्या, "रीड इट अॅट होम, गर्ल्स." घरी वाचायला बसावं तर तिथे त्या विषयाला मराठीत शब्दच नव्हते. शाळेने शिकवलं नाही, घरी कोणी बोललं नाही. मग उरतात मैत्रिणी, सिनेमे आणि मोबाईल. त्यातून जे शिकायला मिळतं त्यात खरं किती आणि खोटं किती, हे कोण तपासणार?

अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमध्ये वर्निअर कॅलिपर हातात दिला की सर पहिली गोष्ट काय सांगतात? "आधी झीरो एरर बघा." दोन्ही जबडे टेकवूनही रीडिंग शून्य येत नसेल तर उपकरणातच दोष आहे. तो वजा केल्याशिवाय पुढचं एकही रीडिंग जर्नलमध्ये लिहायचं नाही. या लेखात मला एवढंच सांगायचंय की स्वतःला मोजण्याआधी मोजपट्टी तपासा. ती कोणी बनवली, कशासाठी बनवली, आणि ती आपल्याला लागू पडते का?

१. प्रत्येकाचं टाईमटेबल वेगळं

मुली साधारण आठ ते तेरा या वयात वयात येऊ लागतात, मुलं नऊ ते चौदा या वयात. म्हणजे सुरुवातीलाच पाच वर्षांचा फरक, आणि दोन्ही टोकं नॉर्मल! पुढचे बदल पूर्ण व्हायला आणखी काही वर्षं लागतात. त्यामुळे एफ.ई.च्या एकाच बाकावर एकाला भरगच्च दाढी असते आणि शेजारच्याला नुसती लव, यात कोणाचंच काही बिघडलेलं नाही. मुलींची उंची पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांत थांबत येते, मुलांची त्यापेक्षा उशिरा. हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या एकदा भरून आल्या की जगातली कुठलीही पावडर उंची वाढवू शकत नाही. डबा कितीचाही असो.

मुलींच्या मांड्या आणि नितंब भरतात ते इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे. तो आळशीपणाचा पुरावा नव्हे. दोन्ही स्तन तंतोतंत सारखे नसणं हेही अगदी कॉमन आहे. मुलांना झोपेत वीर्यस्खलन होतं, त्याने अशक्तपणा येत नाही आणि कुठली 'शक्ती'ही जात नाही. रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग' म्हणून ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांचा सगळा धंदा मुलांच्या याच भीतीवर चालतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही सांगते. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, नियमित येणारी पाळी तीन महिने चुकली असेल, रक्तस्राव खूप होत असेल, किंवा दुखण्यामुळे दर महिन्याला लेक्चर बुडत असेल तर. पाळी अनियमित, चेहऱ्यावर जास्त केस आणि जुनाट पिंपल्स असं एकत्र असेल तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. ती कॉमन गोष्ट आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. "लग्न झालं की सगळं नीट होतं" हा उपचार नाही.

२. बीएमआय नावाचं सूत्र

वजन किलोमध्ये, उंची मीटरमध्ये, आणि वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १.६० मीटर आणि वजन ५० किलो असेल तर ५० भागिले २.५६, म्हणजे साधारण १९.५. सूत्र आपल्या मंडळींना आवडतंच! पण याचा इतिहास बघा. हे गुणोत्तर बेल्जियमच्या अडॉल्फ केटलेने १८३० च्या दशकात मांडलं. तो डॉक्टर नव्हता, खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्राचा माणूस होता. त्याला हजारो लोकांच्या मोजमापांतून 'सरासरी माणूस' शोधायचा होता. एकेका माणसाची तब्येत तपासणं हा त्याचा हेतूच नव्हता. त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ साली दिलं.

म्हणजे बीएमआय टाकाऊ आहे का? नाही. १८.५ च्या खाली कमी वजन मानतात. आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते, म्हणून भारतीयांसाठी डॉक्टर २३ पासूनच सावध होतात, युरोपियन तक्त्यातल्या २५ पर्यंत थांबत नाहीत. त्याच्या जोडीला कंबरेचा घेर बघतात : पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर, स्त्रियांमध्ये ८०. पण बीएमआयला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, आणि वाढीच्या वयात तर वयानुसार वेगळे तक्ते वापरावे लागतात. ही अंदाज घेण्याची पट्टी आहे. मेसच्या रांगेत कोणी तुम्हाला 'ढोली' किंवा 'काडी' म्हणतं तेव्हा त्याच्या हातात तर एवढीही पट्टी नसते.

३. फिजीमध्ये काय झालं?

पॅसिफिक महासागरात फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथे पूर्वापार भरदार शरीर हे चांगल्या तब्येतीचं आणि सुखवस्तू घराचं लक्षण समजलं जायचं. कोणी बारीक झालं की घरचे काळजी करायचे, अगदी आपल्या आज्जीसारखं! १९९५ साली तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. अॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने टीव्ही येऊन काही आठवडेच झाले असताना शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, पुन्हा केली. पहिल्या पाहणीत वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण ११.३ टक्के होतं. मालिकांतल्या नट्यांसारखं दिसायचंय, असं मुलींनी स्वतः सांगितलं.

गंमत बघा, तीन वर्षांत फिजीच्या मुलींची हाडं बदलली नव्हती, बदलली होती ती फक्त पट्टी. त्यांना टीव्हीवर ठरावीक वेळेला काही मालिका दिसत होत्या. आपल्या हातात तर दिवसभर मोबाईल असतो, आणि त्यातले चेहरे फिल्टरने गुळगुळीत केलेले. आता तर काही चेहरे मुळात कुठल्या माणसाचेच नसतात, संगणकाने बनवलेले असतात. ज्याला स्वतःचे रोमछिद्रही नाहीत अशा चेहऱ्याशी आपण रात्री एक वाजता स्वतःची तुलना करतो. झीरो एरर याहून मोठी काय असणार?

४. उपाशी पोटी मन कसं चालतं?

मघाशी ज्या अन्सेल कीजचं नाव आलं, त्याचाच एक जुना प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात त्याने छत्तीस धडधाकट तरुण निवडले. शरीराने आणि मनाने एकदम फिट. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या साधारण निम्मं जेवण दिलं. वजन तर उतरलंच, पण खरी गोष्ट पुढे आहे. ही मुलं चिडचिडी झाली, उदास झाली, मित्रांत मिसळेनाशी झाली. दिवसभर फक्त जेवणाचा विचार. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. लक्ष लागत नाही अशी तक्रार सगळीकडून यायला लागली. मन कमकुवत होतं म्हणून हे घडलं नाही. मेंदूला इंधनच कमी पडत होतं.

आमच्या विंगमधल्या एका ज्युनिअरने गॅदरिंगच्या डान्ससाठी 'स्लिम' व्हायचं म्हणून दोन आठवडे काकडी आणि ब्लॅक कॉफीवर काढले. सबमिशनच्या रांगेत ती चक्कर येऊन पडली. रेक्टर मॅडम तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आधीपासूनच कमी होतं. नंतर ती म्हणाली, "डान्स राहू दे, मला तर इंटिग्रेशनही सुचत नव्हतं." छत्तीस तरुणांचा प्रयोग आमच्या मजल्यावर पुन्हा झाला म्हणायचा!

हिमोग्लोबिनची गोष्ट इथे महत्त्वाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना आणि ३१ टक्के मुलांना अॅनिमिया होता. मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि मोठ्या मुलांचं १३ च्या खाली असेल तर तो अॅनिमिया. थकवा, धाप, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं, हे सगळं त्यातून येऊ शकतं, आणि आपण मात्र स्वतःला 'आळशी' म्हणून मोकळे होतो. मेसच्या ताटातही करता येण्यासारखं बरंच आहे. मटकीची उसळ, पालेभाजी, हरभरे, शेंगदाणे, मांसाहार चालत असेल तर मटण किंवा मासे. सोबत लिंबू पिळा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने ते अडतं. घरून हळिवाचे लाडू आले तर ते रूममेटपासून लपवा, एवढंच!

गंमत सोडून एक. कोणी सतत जेवण टाळत असेल, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन उलटी काढत असेल, वजन वेगाने उतरूनही स्वतःला जाडच म्हणत असेल, पाळी बंद झाली असेल, तर ते 'डाएट' राहिलेलं नाही. तो आजार आहे. त्यात जिवाला धोका असतो, आणि तो मुलांनाही होतो. तिला "अगं, खा ना" म्हणून भागत नाही. डॉक्टरांपर्यंत न्यावं लागतं.

५. मुलांसाठी : डबा आणि दंड

मुलांना वाटतं हा सगळा मुलींचा प्रॉब्लेम आहे. पण बॉईज होस्टेलच्या आरशासमोर टी-शर्ट वर करून उभं राहणारे कोण असतात? मुलांची पट्टी उलटी असते. आपण कितीही कमावलं तरी ते बारीकच वाटतं.

थोडं गणित करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार रोज दर किलो वजनामागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ६० किलोच्या मुलाला जवळपास ५० ग्रॅम. जिममध्ये नियमित वजन उचलणाऱ्याला याहून थोडं जास्त. आता मोजा. एका अंड्यात सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात, पन्नास ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या आसपास. वरण, उसळ, दही वेगळंच. महिन्याचे तीन-चार हजार घालवायच्या आधी हे गणित कागदावर करा. पावडर घ्यायचीच असेल तर लेबल आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक बघून घ्या.

पण जिममधल्या कोणी 'दादा'ने इंजेक्शन किंवा गोळ्या पुढे केल्या तर सरळ नाही म्हणा. अॅनाबॉलिक स्टिरॉइड बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं. अंडकोष लहान होतात, वीर्यातल्या शुक्रजंतूंची संख्या घटते, छाती मुलीसारखी वाढू शकते, लिव्हर आणि हृदयावर ताण येतो, राग आवरत नाही. 'मर्द' दिसण्यासाठी घेतलेलं औषध असं उलटं फिरतं.

६. रंग आणि पिंपल्स

काळ्या आणि गोऱ्या माणसाच्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या मेलानिन किती आणि कशा प्रकारचं बनवतात यात. मेलानिन हे उन्हापासून आपलं रक्षण करतं. म्हणजे आपल्याला जे लपवावंसं वाटतं ते आपलं फुकटात मिळालेलं प्रोटेक्शन आहे! १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ला २०२० मध्ये नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' व्हावं लागलं. डब्यावरचा शब्द बदलला. आपल्या लग्नाच्या जाहिरातींतला 'गोरी' कधी बदलतो ते बघायचं.

पिंपल्स घाणीमुळे येत नाहीत. या वयातल्या हार्मोन्समुळे तेलग्रंथी जास्त काम करतात, छिद्रं बुजतात आणि सूज येते. दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड घासल्याने ते वाढतात. आणि कृपा करून मेडिकलवाल्याला विचारून 'ती लाल ट्यूब' लावू नका. त्यातल्या कित्येक क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. आठवडाभर चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात आणि क्रीम सोडवत नाही. चेहऱ्याला काही लावायचं तर त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीनेच.

७. नात्यांची मोजपट्टी

आता सगळ्यांचा आवडता विषय! प्रेमात पडणं वाईट नाही आणि न पडणं हे मागासलेपण नाही. सेकंड इयर संपलं तरी 'कोणी नाही' म्हणून रडणारे मी पाहिलेत. जणू सबमिशनची तारीखच उलटून गेली! अशी कुठलीही डेडलाईन नसते.

नातं चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं? गिफ्ट्स आणि रात्रीच्या कॉलचे तास मोजू नका. माझ्या मते चार प्रश्न पुरतात. तो किंवा ती आयुष्यात आल्यापासून तुमचे बाकीचे मित्र वाढले की तुटले? तुम्ही 'नाही' म्हणू शकता का, आणि म्हटल्यावर काय होतं? तुमचा पासवर्ड, लोकेशन, कपडे यावर परवानगी लागते का? आणि भांडण झालं की "मी जिवाचं काहीतरी करून घेईन" अशी धमकी येते का? शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' असेल, तर त्याला काळजी म्हणत नाहीत, कंट्रोल म्हणतात.

मुलांनो, सिनेमातला हिरो मुलीच्या मागे तीन गाणी फिरतो आणि चौथ्या गाण्यात ती हसते. खऱ्या आयुष्यात एकदा 'नाही' म्हटल्यावर मुलीच्या मागे फिरणं, वारंवार मेसेज करणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ त्यासाठीच आहे. गप्प बसणं म्हणजे 'हो' नसतं, आणि काल दिलेला 'हो' आज परत घेता येतो. अजून एक, तुमच्यापैकी बरेच जण सतरा वर्षांचे आहात. अठरा वर्षांखालील व्यक्तीची शारीरिक संबंधांना असलेली संमती पोक्सो कायदा, २०१२ ग्राह्य धरत नाही. हे माहीत असलेलं बरं.

खाजगी फोटो कोणी मागितला तर 'नाही' म्हणायला कारण लागत नाही. फोटोवरून कोणी ब्लॅकमेल करत असेल तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट डिलीट न करता स्क्रीनशॉट ठेवा, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा आणि सायबर पोलिसांकडे जा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करा. आणि ज्याचा फोटो फिरतोय त्याची किंवा तिची यात लाज जाण्यासारखं काही नाही. फॉरवर्ड करणाऱ्याने लाजावं.

ब्रेकअप झाला तर? दुखणारच. रडा, मुलांनीही रडा. काही आठवडे त्याचं किंवा तिचं प्रोफाईल बघू नका, रोज खपली काढली तर जखम भरत नाही. जेवण आणि झोप सोडू नका. आणि मित्राचा ब्रेकअप झाला की "अरे सोड, दुसरी मिळेल" म्हणण्याऐवजी त्याच्यासोबत टपरीवर चहा प्या. तो बोलेल.

८. मनाचं रीडिंग

आपल्या वयात मेंदूचा भावनांचा भाग पूर्ण ताकदीने चालू झालेला असतो, पण विचार करून ब्रेक लावणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. म्हणजे इंजिन तयार आणि ब्रेकचं काम अजून चालू! त्यात झोप कमी. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवतं, म्हणून लवकर झोप येत नाही. त्यावर मोबाईल. अठरापर्यंत आठ ते दहा तास आणि त्यानंतर सात ते नऊ तास झोप लागते. पीएलमध्ये नाईट मारणाऱ्यांनी हे वाचून हसून घ्यावं, पण ज्या रात्री जग संपल्यासारखं वाटतं त्या रात्री आदल्या तीन दिवसांची झोप मोजून बघावी.

उदास वाटणं आणि डिप्रेशन यात फरक आहे. के.टी. लागली, घरची आठवण आली, भांडण झालं, तर वाईट वाटतं आणि काही दिवसांत उतरतं. पण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, मन खिन्न राहतं, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडते, लक्ष लागत नाही, "मी कशालाच लायक नाही" असं वाटतं, जगणं नकोसं वाटतं, तर तो आजार असू शकतो. टायफॉईडला जसं "मनावर घेऊ नकोस" म्हणत नाही, तसंच इथेही म्हणू नये. उपचारांनी बरं वाटतं.

हे मी गंभीरपणे लिहिते आहे, कारण विषय गंभीर आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त संख्या महाराष्ट्रातली होती. त्यातल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी रूममेट असेल, बाकावर शेजारी बसणारं कोणी असेल.

म्हणून रूममेटचं काम काय ते नीट समजून घेऊ. कोणी सामान वाटून टाकत असेल, "माझ्याशिवाय सगळ्यांचं बरं होईल" असं बोलत असेल, एकदम गप्प झालं असेल, तर जवळ बसून सरळ विचारा : "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार मनात घुसतो हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. सल्ला देऊ नका, लेक्चर देऊ नका, ऐका. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका आणि त्याच रात्री रेक्टरना किंवा घरच्यांना सांगा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन दिलं असेल तरी ते मोडा. मैत्री नंतर जुळवता येते.

९. विचारायचं कोणाला?

मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे एक प्राध्यापक होते, रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. शरीराबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना ते त्यात मराठीत सरळ उत्तरं द्यायचे. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर देणं अश्लील कसं, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. तो खटला ते हरले. पण नव्वद वर्षांनंतरही आपण "रीड इट अॅट होम" म्हणत असू, तर हरलं कोण?

विचारण्याच्या जागा आज आहेत. 'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्यावर काम करते. व्यसनाचा प्रश्न असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. कॉलेजच्या काउन्सेलरकडे जायला लाजू नका. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित काउन्सेलर नेमावा असं सांगितलंय, त्यामुळे ही कोणाची मेहरबानी नाही. आणि मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क आपल्याला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र त्याला अपवाद असतो.

स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर एक विनंती. व्हायवाला घाबरलेल्या मुलाला "घरी काय सांगणार तू?" असं विचारण्याआधी एकदा "जेवलास का?" असं विचारून बघा. आमच्या वर्कशॉपमधले एक सर विचारतात. त्यांच्याकडे मुलं मन मोकळं करतात.

स्वाध्याय

इंजिनिअरिंगच्या मासिकातला धडा आहे, म्हणून शेवटी स्वाध्याय. मार्क नाहीत.

१) एक आठवडा रोजची झोप तासांत लिहा. सरासरी काढा.

२) हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलांनीही.

३) जे अकाउंट बघून झाल्यावर स्वतःबद्दल वाईट वाटतं, त्यातली तीन आज अनफॉलो करा.

४) स्वतःबद्दल मनात येणारं सगळ्यात कडू वाक्य कागदावर लिहा. पुढे लिहा : हे पहिल्यांदा कोणी म्हटलं? आपण, की दुसरंच कोणी?

५) १४४१६ हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. स्वतःला लागला नाही तरी शेजारच्या रूमला लागू शकतो.

६) आज रात्री मेसमध्ये जो किंवा जी एकटी जेवत असेल, तिच्या शेजारी ताट घेऊन बसा.

सहावा प्रश्न कंपल्सरी आहे.